दुसऱ्या मजल्यावरचे हॅम केंद्र : संदेश पाठवताना माइक ओठाला चावतो, अर्थिंग कुठे चुकले असावे?

गच्ची४०, पुणे

सर्वांना नमस्कार. प्रश्न थोडा लांबलचक आहे, परंतु अर्धवट माहिती देऊन उत्तर मागणे योग्य नाही, म्हणून सर्व तपशील क्रमाने लिहीत आहे.

मला हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना मिळून दीड वर्ष झाले. आम्ही पुण्यात एका तीन मजली, बऱ्याच जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. रिग (संदेश पाठवण्या-घेण्याचा रेडिओ संच) १०० वॉटची असून १३.८ व्होल्टच्या एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या पेटीवर) चालते. अँटेना म्हणजे २० मीटर लांबीची, एका टोकाकडून जोडलेली तार आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यापासून ती आवारातील आंब्याच्या झाडापर्यंत जाते. टाकीपाशी ४९:१ प्रमाणाचा ट्रान्सफॉर्मर एका प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला आहे आणि तेथून १२ मीटर आरजी-५८ कोॲक्स केबल (आत तार, भोवती धातूची जाळी) माझ्या खोलीत उतरते.

सुरुवातीला अडचण वेगळी होती. नुसते ऐकत असतानाही रिगच्या धातूच्या पेटीला हात लावला की बारीक मुंग्या येत आणि टेस्टरचा दिवा लागत असे. वायरमनने सॉकेट उघडून पाहिले, तेव्हा तिसऱ्या भोकातील हिरवी तार बोर्डात येऊन तशीच सोडून दिलेली आढळली. त्यांनी तेथल्या तेथे न्यूट्रलची एक तार अर्थच्या भोकात जोडून देण्याची तयारी दाखवली. "सगळीकडे असेच करतात," असे ते म्हणाले. मला ते पटले नाही, म्हणून आवाराच्या भिंतीलगत मी स्वतः खड्डा खणला. वरचा मुरूम सहज निघाला, पण साडेतीन फुटांवर पहार वाजू लागली आणि खाली काळा पाषाण लागला. नाइलाजाने तेवढ्याच खोलीत १ मीटरचा जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरले आणि पाणी घातले. पाइपपासून माझ्या रिगपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची हिरवी तार नेली; तिची एकूण लांबी १० मीटर भरली. वायरमनने फेज आणि पाइप यांमध्ये १०० वॉटचा दिवा लावून पाहिला. तो लखलखीत पेटला. मुंग्या थांबल्या आणि मी निश्चिंत झालो.

परंतु आता नवाच त्रास सुरू झाला आहे. ७ मेगाहर्ट्झवर ५० वॉटच्या वर शक्ती नेली की माइकची जाळी ओठाला चावते. हे पहिल्यासारखे मुंग्या येणे नसून सुई टोचल्यासारखे, किंचित भाजल्यासारखे आहे. संगणकाच्या स्पीकरमधून माझाच आवाज चिरकून ऐकू येतो आणि शेजाऱ्यांच्या दाराची इलेक्ट्रॉनिक घंटा आपोआप वाजते. १४ मेगाहर्ट्झवर मात्र जवळजवळ काहीच होत नाही. २१ वर पुन्हा होते, २८ वर नाही. पाठवणे थांबवले की सर्व शांत.

खड्डा आणखी खोल करावा काय? तार जाड घ्यावी काय? एका परिचितांनी न्हाणीघरातील नळाच्या पाइपलाही एक जोड देण्यास सुचवले आहे. कृपया मार्गदर्शन करावे. ७३ (हॅम मंडळींच्या शुभेच्छा).

चाळीस_मीटर, नाशिक

ओएम (हॅम मित्रांना आम्ही असेच संबोधतो), आपण बँडनिहाय, म्हणजे वारंवारतेच्या पट्ट्यांनुसार, लक्षणे लिहिलीत हे फार चांगले केले, कारण उत्तर त्यांतच दडलेले आहे. पहार खाली ठेवा. आपल्या खड्ड्याचा या त्रासाशी फारसा संबंध नाही. संबंध आहे तो त्या हिरव्या तारेच्या लांबीशी.

मीटरमधील तरंगलांबी काढण्यासाठी ३०० ला मेगाहर्ट्झने भागावे. ७.१ मेगाहर्ट्झला ती ४२ मीटरांच्या थोडी वर येते आणि तिचा पाव भाग सुमारे साडेदहा मीटर होतो. तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असले की ही लांबी आणखी थोडी कमी पुरते. म्हणजे आपली १० मीटरची अर्थची तार ७ मेगाहर्ट्झवर जवळजवळ नेमकी पाव तरंगाची झाली आहे. जिचे खालचे टोक जमिनीला जोडले आहे अशा पाव तरंगाच्या तारेत जमिनीपाशी प्रवाह सर्वाधिक आणि दाब (व्होल्टेज) सर्वांत कमी असतो, तर वरच्या टोकाशी, म्हणजे आपल्या टेबलावर, नेमके उलटे असते. तेथे प्रवाह जवळजवळ नाही आणि दाब भरपूर. त्या टोकाला रिग आहे, रिगला माइक आहे आणि माइकला आपले ओठ आहेत. खाली जमिनीचा जोड जितका उत्तम कराल तितका वरच्या टोकाशी दाब अधिकच वाढेल, इतके हे विपरीत आहे. १४ मेगाहर्ट्झवर तीच तार अर्ध्या तरंगाची होते, त्यामुळे खालची स्थिती वर जशीच्या तशी उमटते आणि रिग शांत राहते. २१ वर ती पाऊण तरंगाची होते, म्हणून पुन्हा चटका बसतो, आणि २८ वर पूर्ण तरंगाची होते, म्हणून पुन्हा शांतता. आपण लिहिलेला क्रम हाच आहे.

५० हर्ट्झच्या घरगुती विजेची तरंगलांबी ६,००० किलोमीटर असते. तिच्या दृष्टीने १० मीटरची तार म्हणजे काहीच नाही, म्हणूनच पहिल्या मुंग्या थांबल्या. त्या मुंग्या एसएमपीएसमधील गाळणीच्या कपॅसिटरांमुळे येत होत्या. अर्थ जोडलेला नसला की ते धातूच्या पेटीवर निम्मा दाब, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट, अगदी अल्प प्रवाहाने आणून ठेवतात. "अर्थिंग" या एकाच शब्दात आपण दोन निराळी कामे कोंबली आहेत. पहिले, घरगुती विजेपासून वाचवण्याचे काम आपल्या तारेने केले; दुसरे, रेडिओ-प्रवाहाला जमिनीची वाट देण्याचे, ती करू शकत नाही.

आता हा रेडिओ-प्रवाह टेबलापर्यंत येतो कुठून, ते पाहू. एका टोकाकडून जोडलेल्या अर्ध्या तरंगाच्या तारेला परतीची वाट लागतेच. १०० वॉट आणि सुमारे २,४५० ओहम धरले तर त्या टोकाशी दाब ५०० व्होल्टांच्या घरात आणि प्रवाह सुमारे ०.२ अँपिअर येतो. प्रवाह अल्प आहे, परंतु शून्य नाही, आणि जितका तारेत जातो तितकाच दुसऱ्या बाजूने कुठेतरी जावा लागतो. आपण ट्रान्सफॉर्मरपाशी काउंटरपॉइज (परतीची वाट देणारी तार) दिलेला नाही, म्हणून तो कोॲक्सच्या जाळीवरून खाली उतरतो. कोॲक्सची जाळी एकच असली तरी या वारंवारतेला ती दोन वेगळ्या तारांसारखी वागते. ७ मेगाहर्ट्झचा प्रवाह तांब्यात मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतकाच आत शिरतो, त्यामुळे जाळीच्या आतील पृष्ठभागावरचा प्रवाह आणि बाहेरील पृष्ठभागावरचा प्रवाह एकमेकांना ओळखतही नाहीत. आतला आपले काम करतो आणि बाहेरचा आपल्या खोलीत पाहुणा म्हणून येतो.

उपाय गच्चीवर करावयाचा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थच्या स्क्रूला सुमारे २ मीटरची एक साधी तार जोडा आणि ती कठड्यालगत मोकळी, माणसांचा हात लागणार नाही अशी सोडा. तिच्या मोकळ्या टोकाशी दाब असतो. त्यानंतर कोॲक्स खाली उतरण्याआधी तिच्यावर चोक, म्हणजे जाळीच्या बाहेरचा प्रवाह अडवणारे वेटोळे, बसवा. उत्तम चोक म्हणजे ४३ क्रमांकाच्या फेराइटच्या, ६१ मिलिमीटर व्यासाच्या टोरॉइडवर (कड्यावर) आरजी-५८ चे १२ फेरे. ते कडे मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. साडेचार मीटर कोॲक्सचे सहा फेरे घरातील बादलीभोवती गुंडाळा, बादली काढून घ्या आणि वेटोळे चार ठिकाणी घट्ट बांधा. व्यास २४ सेंटीमीटरच्या आसपास यावा. हा फेराइटविना चोक ७ मेगाहर्ट्झवर चांगले काम करतो, पण सर्व बँडवर सारखे करत नाही, एवढे लक्षात असू द्या.

हिरवी तार कापू नका. ती आपल्या जिवासाठी आहे. टोरॉइड मिळाले की त्या तारेचेही दहा-बारा फेरे रिगपाशी दुसऱ्या कड्यावर घ्या. ५० हर्ट्झला ते कडे जाणवणारसुद्धा नाही आणि रेडिओ-प्रवाहाला मात्र वाट अडेल.

आणि जमल्यास प्रवाह स्वतः मोजून पाहा. चिमट्यासारखे उघडणारे फेराइट, त्यावर बारीक तारेचे दहा फेरे, एक जर्मेनियम डायोड, एक लहान कपॅसिटर आणि जुन्या टेपरेकॉर्डरमधील काट्याचा मीटर, इतक्या सामानात उपकरण तयार होते. मी गेली कित्येक वर्षे तेच वापरतो. तर्कापेक्षा काट्यावर माझा अधिक विश्वास आहे.

मीटरबोर्ड, नागपूर

रेडिओच्या बाजूबद्दल वरील उत्तर योग्य आहे आणि त्यात मला भर घालायची नाही. मी विद्युत अभियंता आहे, घरांची व लहान कारखान्यांची अर्थिंगे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि प्रश्नातील दोन वाक्ये वाचून मला काळजी वाटली, म्हणून लिहीत आहे.

पहिले वाक्य न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये जोडण्याबद्दलचे. आपण नकार दिलात याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. असा जोड देऊन ठेवलेला असताना मागे कुठेही न्यूट्रलची तार सुटली, मग ती मीटरपाशी असो वा खांबावर, की घरातील एखाद्या चालू दिव्यातून किंवा पंख्यातून येणारा फेज त्या जोडाने फ्रिज, इस्त्री आणि आपली रिग या सर्वांच्या धातूच्या अंगावर येतो. कोणताही फ्यूज उडत नाही, कारण कुठेही शॉर्ट झालेला नसतो. फॉल्ट कुठे दिसत नाही आणि माणूस चिकटतो. ही पद्धत प्रचलित आहे म्हणून ती कमी घातक ठरत नाही.

दुसरे वाक्य १०० वॉटच्या दिव्याचे. दिवा पेटला म्हणजे अर्थिंग चांगले, हा समज आपल्याकडे इतका रुजलेला आहे की तो आकड्यांनीच दूर करावा लागतो. १ मीटर लांबीचा आणि ४० मिलिमीटर व्यासाचा पाइप १०० ओहम-मीटर रोधकतेच्या मातीत उभा केला तर त्याचा रोध सुमारे ७० ओहम येतो. कोरड्या मुरमाची रोधकता याहून बरीच जास्त असते, म्हणजे मी आपल्या बाजूने उदार हिशेब करत आहे. १०० वॉटच्या दिव्याचा रोध पेटलेला असताना सुमारे ५३० ओहम असतो. दोन्ही एकामागोमाग जोडल्यावर दिव्याला २०० व्होल्ट मिळतात आणि डोळ्यांना तो पूर्ण पेटलेलाच दिसतो. आता दिव्याच्या जागी खरा दोष कल्पून पाहा. एसएमपीएसमध्ये फेजची तार सुटून पेटीला टेकली. २३० व्होल्टांना ७० ओहमने भागले तर साडेतीन अँपिअरसुद्धा होत नाहीत. आपला १६ अँपिअरचा एमसीबी इतक्या प्रवाहाने कधीही पडणार नाही. रिगची पेटी, कोॲक्सची जाळी आणि गच्चीवरील ट्रान्सफॉर्मरचा स्क्रू हे सर्व जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टांवर तासन्‌तास बसून राहतील, आणि गच्चीवर कोणीतरी कपडे वाळत घालायला जाईल.

म्हणून आपल्या घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) मी अत्यावश्यक समजते. तो फेज आणि न्यूट्रल यांतील प्रवाहाचा फरक पाहतो, त्यामुळे अर्थचा रोध ७० ओहम असला तरी तो पडतो. खड्डा खोल करण्यावर खर्च करण्याआधी हा खर्च करा.

यानंतर इमारतीच्या मुख्य अर्थिंगकडे वळा. आपल्या सॉकेटमधील हिरवी तार जेथून येते, तो खड्डा बहुधा मीटर रूमच्या बाहेर असेल आणि वर्षानुवर्षे कोणी त्यात पाणी ओतले नसेल. कोळसा ओलावा धरतो, मीठ रोध कमी करते, पण हेच मीठ पावसाबरोबर वाहूनही जाते आणि जीआय पाइपला खातेही. भारतीय मानक आयएस ३०४३ यात अर्थिंगची पद्धत सविस्तर दिलेली आहे. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून त्याप्रमाणे तपासणी करून घेण्याची मागणी सभासद म्हणून आपण निश्चित करू शकता. रोध अर्थ टेस्टरने मोजून आकडा लिहून घ्या. केवळ "चांगले आहे" हे उत्तर स्वीकारू नका.

आपला स्वतःचा पाइप ठेवायला हरकत नाही, परंतु तो मुख्य अर्थिंगपासून अलग ठेवू नका. दोन वेगळ्या अर्थांमध्ये, विशेषतः जवळपास वीज पडते तेव्हा, हजारो व्होल्टांचा फरक उभा राहू शकतो, आणि त्या दोहोंना जोडणारी एकमेव वस्तू आपली रिग असते. दोन्ही खड्डे जमिनीतूनच जाड पट्टीने एकमेकांना जोडा. पुण्याच्या कातळात खोल जाणे जमत नसेल तर आडवे जा. अर्धा मीटर खोल चर खणून त्यात पट्टी पुरली तर उभ्या पाइपइतकाच, कित्येकदा अधिक, उपयोग होतो. दोन पाइप लावायचे असल्यास त्यांच्यात किमान पाइपच्या लांबीइतके अंतर ठेवा, नाहीतर ते एकाच मातीतून प्रवाह नेतात आणि दुसऱ्याचा खर्च वाया जातो. तांबे आणि जस्ताचा मुलामा असलेले लोखंड ओल्या जागी थेट एकमेकांवर आवळू नका. जस्त झिजते आणि दोन पावसाळ्यांत जोड सैल होतो. कथिलाचा मुलामा दिलेला लग (तारेच्या टोकाला बसवायचा जोड) मध्ये घ्या आणि वर ग्रीस लावा.

नळाच्या पाइपचा विचार सोडून द्या. पूर्वी संपूर्ण नळजोडणी लोखंडी असे, तेव्हा या सल्ल्याला काही अर्थ होता. आता जुन्या इमारतींत दुरुस्ती होत होत निम्मा पाइप प्लॅस्टिकचा झालेला असतो. तो जमिनीपर्यंत पोचतच नाही, आणि दोष आलाच तर वरच्या मजल्यावर आंघोळ करणाऱ्याच्या हातात पोचतो. गॅसच्या पाइपला तर चुकूनही हात लावू नये.

पागोळी, सिंधुदुर्ग

मीटरबोर्ड ताईंच्या लेखनाची छापील प्रत आमच्या ग्रामपंचायतीत लावावी असे वाटले.

मी कोकणातील आहे. आमच्याकडे कातळ नाही तर जांभा, आणि जांभ्याची अडचण निराळी. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि मार्गशीर्ष सरता सरता कोरडा ठणठणीत होतो. मी पाइप घराच्या मागील बाजूस पागोळ्या पडतात त्या ओळीत, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर पुरला आहे, त्यामुळे वैशाखातही माती ओलसर राहते. पुण्यात आपल्याला टाकीच्या ओव्हरफ्लोचे किंवा बागेतल्या नळाचे पाणी तेथे वळवता येईल.

माझे सांगणे मात्र विजेबद्दल, आकाशातल्या विजेबद्दल आहे, कारण आपल्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही आणि गच्चीवर तार ताणणाऱ्याने तो पहिल्या दिवशी करायला हवा. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस ढग दाटून आले, तेव्हा मी शहाणपणाने कोॲक्स रिगमधून काढली आणि तिचे टोक तसेच टेबलावर ठेवले. वीज घरावर पडली नाही. ती पलीकडच्या बागेत पडली. पण त्या क्षणी कोॲक्सच्या प्लगपासून शेजारच्या पॉवर सप्लायपर्यंत निळसर ठिणगी उडालेली मी खोलीच्या दारातून स्वतः पाहिली. पॉवर सप्लाय गेला, राउटर गेला आणि टेबलाच्या सनमाइकावर तांदळाएवढा काळा डाग राहिला, तो अजून आहे. आता माझ्या खिडकीबाहेर पितळेची एक पट्टी आहे. ती जाड तांब्याच्या पट्टीने थेट पाइपला जोडलेली आहे, आणि वापर संपला की कोॲक्सचे टोक बाहेर नेऊन मी त्या पट्टीवर लावतो. पॉवर सप्लायचा प्लगही सॉकेटमधून काढतो, कारण लाट विजेच्या तारांतूनही येते.

गडगडाट ऐकू आल्यानंतर केबलला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला नियम आहे. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंद गेले तर वीज दहा किलोमीटरवर आहे, आणि पुढची डोक्यावर असू शकते. वळवाच्या दिवसांत मी दुपारी तीनलाच सर्व सोडवून ठेवतो. सर्ज अरेस्टर (विजेची लाट जमिनीकडे वळवणारे साधन) लावून निर्धास्त राहणारे मित्र मला भेटतात. अरेस्टर चांगला, पण त्याच्यापासून जमिनीपर्यंत जाणारी वाट लांब असेल तर त्याचा आधार फार थोडा. सरळ तारेच्या एका मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री धरतात. विजेचा प्रवाह एका मायक्रोसेकंदात दहा हजार अँपिअरने वाढला तर प्रत्येक मीटरवर दहा हजार व्होल्ट उभे राहतात. दुसऱ्या मजल्यावरून दहा मीटर खाली जाणाऱ्या आपल्या हिरव्या तारेचा हिशेब आपणच करावा. अरेस्टर खोलीत नव्हे, तळाशी, पाइपच्या शेजारी हवा, आणि कोॲक्स तेथूनच वर यावी.

अँटेनाबद्दल एक सूचना. गच्ची मिळत असेल तर एका टोकाच्या तारेऐवजी उलट्या व्हीच्या आकाराचा डायपोल उभारा. त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींची परतीची वाट होतात आणि चालण्यासाठी त्याला जमिनीचा जोड लागत नाही. प्रत्येक बाजू १०.४ मीटर कापून सुरुवात करा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परतते त्याचे माप) पाहत थोडी थोडी दुमडत जा, ७.१ मेगाहर्ट्झला ती १० मीटरांच्या जवळपास येऊन थांबते. तोच डायपोल २१ वर तीन अर्ध्या तरंगांचा होऊन चालतो. मध्यभागी चोक मात्र तेथेही हवा. घरात वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची बहुपदरी तार पुरते. इन्सुलेटर म्हणून मी स्वयंपाकघरातील जुन्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कटिंग बोर्डाचे तुकडे वापरतो. काठीसाठी आमच्याकडे कळक किंवा माणगा मिळतो. तो टाकीला नव्हे, कठड्याच्या खांबाला बांधावा. झाडाकडील टोक कप्पीवरून सोडून त्याला पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन लटकवा, म्हणजे आंबा वाऱ्यात हलला तरी तार तुटत नाही. साधी नायलॉनची दोरी उन्हाने दोन वर्षांत भुगा होते. बंदरावर मासेमारीसाठी मिळणारी दोरी घ्यावी. कोॲक्सच्या जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, वरून टेप लावा, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच गळून जाईल.

आणि आवारावरून विजेच्या तारा जात असतील तर अँटेनाची तार किंवा काठी कोणत्याही बाजूला पडली तरी त्यांना लागणार नाही इतके अंतर हवेच. ते अंतर मिळत नसेल तर त्या बाजूला अँटेना लावू नये.

गच्ची४०, पुणे

दोन महिन्यांनी उत्तर देत आहे, त्याबद्दल क्षमस्व. सर्व करून पाहिल्याशिवाय लिहावेसे वाटले नाही.

प्रथम काट्याचा मीटर तयार केला. आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरमधून काढलेला तो मीटर हिरव्या तारेवर रिगपाशी लावला, तेव्हा ७ मेगाहर्ट्झवर २० वॉटला काटा जेमतेम हलला. तोच घेऊन मी खाली गेलो आणि पाइपपाशी लावला, मुलीने वरून पीटीटी (माइकवरचे पाठवण्याचे बटण) दाबले, आणि काटा थेट उजव्या टोकाला जाऊन टेकला. जमिनीपाशी प्रवाह सर्वाधिक असतो, हे नाशिकच्या ओएमनी लिहिलेले वाक्य त्या वेळी मला खऱ्या अर्थाने समजले.

मग गच्चीवर २ मीटरचा काउंटरपॉइज आणि बादलीवरचे सहा फेरे. ७ मेगाहर्ट्झवर पूर्ण १०० वॉटला माइक आता चावत नाही आणि शेजाऱ्यांची घंटा गप्प आहे. मी त्यांच्याकडे जाऊन खात्री करून घेतली. २१ वर थोडा चटका उरला होता, तो टोरॉइडची कडी आल्यावर, एक गच्चीवर आणि एक हिरव्या तारेवर बसवल्यावर गेला.

अर्थिंगसाठी सोसायटीच्या बैठकीत मी मीटरबोर्ड ताईंचे आकडे वाचून दाखवले. ठेकेदाराने मीटर रूमबाहेरचा खड्डा उघडला, तेव्हा पट्टीचा पाइपशी असलेला जोड गंजून पूर्ण सुटलेला निघाला. संपूर्ण इमारतीला किती वर्षे अर्थ नव्हता, कोण जाणे. नवा खड्डा झाला, भिंतीलगत चर खणून माझा पाइप त्याला जोडला आणि सॉकेटांना अर्थ मिळाला. पितळेची पट्टी मात्र मी दुसऱ्या मजल्यावर न लावता खाली पाइपशेजारी लावली आहे आणि कोॲक्सचा जोडही तेथेच आणला आहे, त्यामुळे केबल सोडवायला दोन जिने उतरावे लागतात. ते मी उतरतो.

आरसीसीबी बसवला त्या दिवशी तो टिकेचना. वर केला की पडायचा. वायरमन म्हणाले, मालच खराब आहे, काढून टाकू. मी एकेक उपकरण बंद करत गेलो, आणि न्हाणीघरातील गिझरचे बटण बंद करताच तो टिकला. गिझरचे कॉइल फुटलेले होते. आई बरेच दिवस म्हणत होती की सकाळी नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि आम्ही त्या थंडीच्या आणि वयाच्या समजत होतो. कॉइल त्याच दुपारी बदलले.

आता डायपोलची तयारी सुरू आहे. कळक मिळाला आहे, कटिंग बोर्ड आईने स्वतः काढून दिला. आवाराच्या पूर्वेकडून विजेच्या तारा जातात, त्यामुळे दोन्ही बाजू उत्तर-दक्षिण नेण्याचा विचार आहे, परंतु त्यात मधला कोन १०० अंशांच्या आसपासच राहतो. एवढा पुरेल काय?

चाळीस_मीटर, नाशिक

पुरेल. कोन ९० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. टोके गच्चीपासून उंच राहतील असे पाहा, कारण तेथे दाब असतो आणि गच्चीवर मुले येतात. एवढ्या उंचीवर आपला आवाज बराचसा वरच्या दिशेने जाऊन जवळपासच परत उतरेल, म्हणजे नाशिक, कोल्हापूर, सातारा उत्तम. दुपारी ऐकत राहीन. आईंना नमस्कार सांगा. ७३.